जैतून, करडई आणि भाकरी



मोठ्या शहरांतल्या हॉटेलांत हल्ली जेवणाआधीच एक बशी टेबलावर येते. बशीत हिरवट-पिवळं तेल, त्यावर वाळलेल्या पानांचा चुरा, मिरी, थोडा लसूण, आणि शेजारी पावाचे तुकडे. पाव तेलात बुडवायचा आणि खायचा. आपल्याकडचा माणूस पहिल्यांदा ही बशी पाहतो तेव्हा जरा बिचकतो. कच्चं तेल खायचं? पण जालना जिल्ह्यातल्या, एकूणच मराठवाड्यातल्या माणसानं तरी बिचकायचं कारण नाही. चटणीत बोटानं खळगा करून त्यात तेलाची धार सोडायची आणि भाकरीचा तुकडा त्यात फिरवायचा, हे आपण पिढ्यान् पिढ्या करत आलो आहोत. आज मी या दोन्ही तेलांबद्दल बोलणार आहे, आणि ही बशी घरी कशी करायची तेही सांगणार आहे.

त्या बशीतलं तेल ऑलिव्हचं असतं. ऑलिव्ह म्हणजे जैतून. मुसलमान घरांत हे नाव झाड न पाहताच ओळखीचं झालेलं असतं. कुरआनात अंजिराच्या जोडीनं जैतुनाची शपथ आहे. कुणी हजहून आलं की खजूर आणि जमजमच्या पाण्याबरोबर कधीकधी जैतुनाच्या तेलाची छोटी बाटलीही येते. ती खायला फारशी वापरली जात नाही. गुडघ्याला चोळायला किंवा लहान बाळाला लावायला जपून ठेवली जाते. या झाडाला फळं धरायला हिवाळ्यात बरीच थंडी लागते. राजस्थानात 2008 मध्ये इस्रायलच्या मदतीनं त्याची लागवड सुरू झाली. आपल्या काळ्या रानात मात्र ते कधी नव्हतं.

मी शब्दांत रमणारा माणूस, म्हणून एक गंमत सांगतो. अरबीत जैतून म्हणजे फळ आणि जैत म्हणजे तेल. इंग्रजीतला ‘ऑइल’ हा शब्द लॅटिनमधून आला आणि त्याचं मूळही ऑलिव्हमध्येच आहे. आपला ‘तेल’ हा शब्द तिळातून आला. म्हणजे ज्या मुलखात जे पिकलं, त्यानंच तिथल्या तेलाला नाव दिलं. पुढे कशाचंही तेल निघालं तरी नाव तेच राहिलं. तेल ही इतकी मातीची वस्तू आहे.

आपल्या मातीचं तेल करडईचं. माझं लहानपण मंठा तालुक्यातल्या खेड्यात गेलं. पावसाळा सरता सरता, ज्वारीच्या आसपासच करडई पेरली जायची. तिचं मूळ खोल जातं, त्यामुळे जमिनीतल्या ओलीवरच ती तग धरते. कोवळी असताना विरळणीची रोपं भाजीला यायची. पुढे पानांना काटे फुटले की जनावर तिच्या वाटेला जात नसे, म्हणून ज्वारीच्या कडेनं करडईचे तास घालायचे. पिकाचं पीक आणि कुंपणाचं कुंपण! फुलं आधी पिवळी-केशरी, मग लालसर. कुसुंबी रंग याच फुलांचा. काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि तीही भल्या पहाटे, कारण दवानं काटे जरा नरम पडतात. हातापायांना फडकी गुंडाळून बाया-माणसं ती कापायची.

मग घाणा. घाण्यावरून आलेल्या ताज्या तेलाचा वास आठवतो. डब्यातून घरात आलं की आधी भाकरीवरच पडायचं. घरात आम्ही तिला ‘ज्वारी की रोटी’ म्हणायचो, शेजारी भाकरी म्हणायचे. तेल दोन्हींवर एकच पडायचं. जवसाची, कारळाची, तिळाची नाहीतर शेंगदाण्याची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा, बुक्कीनं फोडलेला कांदा. भोकरदनकडच्या मिरचीचा ठेचा असला की तेल जरा जास्त लागायचं, कारण तिखटपणा तेलात उतरतो आणि जीभ वाचते. पाण्यानं ते काम होत नाही.

आता घरच्या बशीकडे येऊ. चौघांसाठी पाऊण वाटी तेल पुरतं. ऑलिव्ह घ्यायचं असेल तर बाटलीवर ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ लिहिलेलं पाहून घ्या. ते फळातून उष्णता किंवा रसायन न वापरता काढलेलं असतं. ‘पोमेस’ लिहिलेलं तेल हे उरलेल्या चोथ्यातून रसायनानं काढून शुद्ध केलेलं असतं, ते तळायला ठीक, बुडवून खायला नाही. करडईचं घ्यायचं असेल तर घाण्याचं घ्या. रिफाइंड तेलाला ना वास ना चव, मग पाव बुडवून मिळवायचं काय?

परदेशी कृतीत ओरेगॅनो आणि थाइम ही पानं घालतात. ती मिळाली नाहीत तरी अडत नाही. थाइमला वास देणारं थायमॉल आपल्या ओव्यातही भरपूर असतं. अर्धा चमचा ओवा तव्यावर जेमतेम गरम करून तळहातावर चोळा. कुंडीत पानओवा असेल तर त्याची दोन पानं बारीक चिरा. सात-आठ मिरी आणि एक सुकी लाल मिरची खलबत्त्यात जाडसर कुटा. लसणाच्या दोन पाकळ्या ठेचा.

मिठाचं एक तंत्र आहे. मीठ तेलात विरघळत नाही, तळाशी बसतं आणि शेवटचा घास खारट होतो. म्हणून चमचाभर लिंबाच्या रसात आधी मीठ विरघळवा, त्यात लसूण घाला. दुसऱ्या वाटीत दोन चमचे तेल कोमट करून त्यात ओवा, मिरी, मिरची भिजवा. कोमटच, धूर येईपर्यंत नाही. दहा मिनिटांत वास तेलात उतरतो. मग उरलेलं तेल आणि लिंबाचा रस घालून चमच्यानं हलवा. बेकरीतला ताजा पाव चालेल, पण तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकरी घेऊन बघा. तिचा पापुद्रा तेल धरून ठेवतो.

यात एक सावधगिरी मात्र गंभीरपणे सांगतो. उरलेलं लसणाचं तेल बाटलीत भरून ओट्यावर ठेवू नका. शोभेच्या बाटल्यांत तेलात बुडवलेला लसूण दिसतो, तसं घरी करू नका. लसूण जमिनीतून येतो आणि मातीतल्या एका जंतूची बीजं त्याला चिकटलेली असू शकतात. तेलाखाली हवा पोचत नाही, आंबटपणाही नसतो, आणि अशा जागी हा जंतू बोटुलिझमचं विष तयार करतो. 1985 मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात एका उपाहारगृहातल्या लसूण-तेलानं छत्तीस जणांना हा आजार झाला होता. विषाला वास किंवा चव येईलच असं नाही. तेव्हा त्या दिवशी करा, त्या दिवशी संपवा. आपल्या बायकांची रीत बघा: चटणी कोरडी ठेवायची, तेल पानात वाढल्यावरच ओतायचं. रीत साधी, पण त्यात शहाणपण आहे.

तेल साठवण्याबद्दलही थोडं. ऑलिव्ह तेलात ओलिक आम्ल जास्त, म्हणून ते जरा टिकतं. नेहमीच्या करडईच्या तेलात सुमारे पाऊण हिस्सा लिनोलिक आम्ल असतं, त्यामुळे ते हवा आणि उजेड लागला की लवकर खवट होतं. थोडं थोडं आणा, झाकणाच्या बरणीत अंधारात ठेवा. दोन्ही तेलं चांगली. औषध म्हणून कोणतंच पिऊ नका.

आता माझ्या मनातलं बोलतो. हे करडईचं तेल आपल्या जिल्ह्यातून दिसेनासं होत चाललं आहे. नव्वदच्या दशकापासून सोयाबीन वाढत गेलं, 2002 नंतर बीटी कापूस आला. करडईला काटे, मावा पडण्याची भीती, काढणीला मजूर मिळत नाहीत. शेतकऱ्याला दोष कसा द्यायचा? फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं आणि परभणीच्या कृषी विद्यापीठानं बिनकाट्यांचे वाण काढले, पण बाजारात खात्रीचा भाव नसेल तर वाण काय करणार? देश आपल्या गरजेचं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. आणि ज्या भाकरीवर गरिबाच्या घरात हे तेल सैल हातानं पडायचं, त्याच घरात आज पिशवीतलं तेल येतं, कारण घाण्याचं तेल त्याला परवडत नाही. गरिबाचं खाणं श्रीमंताच्या दुकानात काचेच्या बाटलीत जाऊन बसलं.

मी कवी आहे, बाजार बदलणं माझ्या हातात नाही. पण एक साधी गोष्ट आपल्या सगळ्यांच्या हातात आहे. लाकडी घाणे आता पुन्हा शहरांत दिसू लागले आहेत. ओळखीच्या शेतकऱ्याकडून चार किलो करडई घ्या आणि घाण्यावर न्या. साधारण किलोभर तेल निघेल, पेंड जनावराला जाईल. शेतकऱ्याला सांगा, पुढच्या वर्षीही घेईन. दहा घरांनी असं सांगितलं तर बांधावर चार तास तरी करडईचे पेरले जातील.

जैतून आपल्याकडे पाहुणं म्हणून आलं आहे, त्याचा मान ठेवू. त्याच्या शेजारी करडईची वाटीही ठेवू. आणि भाकरी गरम असतानाच तेल ओतू.