चौकट ज्याची त्याला
(सुरत येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

मंडळी, उधना-लिंबायतच्या या सभागृहात बसलेल्या बहुतेक घरांचा लूमशी संबंध आलेला आहे, म्हणून सुरुवात जॅकार्डपासून करतो. समजा, कापडात एका इंचाला ताण्याच्या 120 तारा आहेत आणि 80 पिक, म्हणजे बाण्याच्या तारा. डिझायनरने सारख्या चौकोनांच्या ग्राफवर 120 घरं रुंद, 120 घरं उंच असं गोल फूल काढलं, तर कापडावर ते एक इंच रुंद आणि दीड इंच उंच उतरतं. म्हणून जाणता डिझायनर आधी रीड-पिक, म्हणजे ताण्या-बाण्याची ही दाटी, विचारतो आणि मगच ग्राफ मांडतो. ही शिस्त सुरतेच्या कापडात आहे. सुरतेच्या पडद्यावर ती अजून आलेली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गणपतीत आणि लग्नात आता एलईडी वॉल लागते. भाड्याच्या वॉलचं पॅनेल पुष्कळदा अर्धा मीटर चौरस असतं. 3.9 मिलिमीटर पिचच्या, म्हणजे ठिपक्या-ठिपक्यांत तेवढं अंतर असलेल्या, पॅनेलमध्ये 128 बाय 128 ठिपके भरतात. आठ पॅनेल आडवी आणि पाच उभी लावली की 1024 बाय 640 ठिपक्यांची भिंत उभी राहते. लॅपटॉपचं चित्र मात्र 1920 बाय 1080, म्हणजे 16:9. वॉलच्या प्रोसेसरवर ‘फुल स्क्रीन’ करून मोकळं झालं, की बाप्पाची मूर्ती एक-नवमांशाने जास्त उंच होते. नीट बसवायचं तर चित्र 1024 बाय 576 ठेवावं लागतं आणि वर-खाली 32-32 ओळी काळ्या राहतात. कार्यकर्ते लगेच म्हणतात, ‘भाडं अख्ख्या पडद्याचं दिलंय, मग पट्टी रिकामी कशाला?’ माझं त्यांना एवढंच सांगणं आहे, की मूर्तिकाराने दिलेला चेहरा त्या पट्टीमुळेच शाबूत राहतो.

जुन्या सिनेमाचे हाल याहून वाईट होतात. प्रभातचा ‘संत तुकाराम’ 1936 सालचा, दामले-फत्तेलालांचा. त्या काळातल्या बोलपटाची चौकट साधारण 1.37 ला 1. आजच्या टीव्हीच्या 1080 ओळींत तो सरळ बसवला, तर रुंदी 1480 ठिपक्यांच्या आसपास येते आणि दोन्ही अंगांना 220-220 ठिपके काळे राहतात. ‘स्ट्रेच’ केलं की तुकाराम साकारणाऱ्या विष्णुपंत पागनीसांचा चेहरा जवळपास तीस टक्के रुंद होतो. ‘झूम’ केलं तर उंचीतला पाचव्याहून मोठा हिस्सा गळतो. कुठे पागोटं जातं, कुठे पाय. ताणलेलं निदान डोळ्याला खटकतं, पण कापलेलं कळतही नाही. म्हणून मला झूमचा जास्त राग येतो. गुरुदत्तांचा ‘कागज के फूल’ 1959 सालचा, सिनेमास्कोपमधला. तो झूम केला तर कात्री बाजूंना लागते.

डीव्हीडीवरून कॉपी केलेल्या फाइलींची भानगड तर थेट रीड-पिकचीच आहे. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीत चित्र 720 बाय 576 असं साठवलेलं असतं, मग ते 4:3 असो वा 16:9. कसं पसरायचं याची खूण सोबत लिहिलेली असते. फाइल बदलताना ती खूण पुसली गेली, की माणसं एक तर जाड दिसतात नाहीतर किडकिडीत. अशा वेळी प्लेअरमधला ‘आस्पेक्ट रेशो’ हाताने निवडावा.

आणखी एक. चित्र लहान-मोठं करायचं काम एकाच ठिकाणी करा. 576 ओळींच्या 1080 करायच्या म्हणजे 1.875 पट. ओळ ओळीवर पुरी बसत नाही, त्यामुळे चित्र थोडं मऊ पडणारच. तेच काम आधी लॅपटॉपने आणि मग प्रोसेसरने दोनदा केलं, तर अक्षरांच्या कडाही विरघळतात. टीव्ही कडा खात असेल, तर त्याच्या मेनूत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ शोधा. सॉफ्टवेअरमध्ये चित्र लहान करून तो दोष झाकू नका.

कार्यक्रमाच्या आधी दहा मिनिटं काढा. 1920 बाय 1080 चं एक चित्र बनवा. मध्ये मोठं वर्तुळ असू द्या आणि अगदी काठाला चारही बाजूंनी पांढरी रेघ. ते वॉलवर लावा, वॉलवाल्या भाऊंना सोबत घ्या आणि वर्तुळाला मोजपट्टी लावा, एकदा आडवी, एकदा उभी. दोन्ही मापं सारखी आली आणि चारही रेघा दिसल्या, की सेटिंग सेव्ह करायला सांगा. मग कार्यक्रम संपेपर्यंत त्याला कुणाचा हात लागू देऊ नका.