टेलचं पाणी



म्हसवडच्या बाजारादिवशी एक मेंढपाळ आजोबा दवाखान्यात आले. तक्रार खोकल्याची होती. वहाण काढली तर टाचेत बाभळीचा काटा मोडलेला, भोवती पू. "कधी भरला?" म्हटलं तर म्हणाले, "काटा? मला नाय कळला." साखर तपासली, बरीच वाढलेली.

पावलातली जाणीव वर नेणारा तंतू एकाच पेशीचा असतो. पेशी कमरेच्या मणक्याजवळ, टोक अंगठ्यात. मोठ्या माणसात जवळजवळ एक मीटर. पेशीत तयार झालेला माल या तंतूतून दिवसाला फार तर चाळीस सेंटिमीटर सरकतो. आपल्या माण तालुक्यात कालव्याच्या टेलला पाणी कसं पोचतं ते मी वेगळं सांगायला नको. जुन्या मधुमेहात बधिरपणा आधी पावलांत येतो आणि मग वर चढतो, कारण सर्वांत लांब तंतूंची टोकं आधी वाळतात.

१८५० साली ऑगस्टस वॉलरनं बेडकाच्या जिभेची नस तोडून पाहिली. पेशीपासून तुटलेला भाग काही दिवसांत विरून गेला. पुरवठा बंद म्हणून मरण, असंच मग शंभरावर वर्षं मानलं गेलं. १९८९ साली मात्र इंग्लंडमध्ये उंदरांची एक जात अशी निघाली, की त्यांची तोडलेली नस दोन-दोन आठवडे शाबूत राहिली. २०१२ साली या विरण्यामागचं सार्म-१ हे प्रथिन हाती लागलं. ते तंतूतच असतं. पुरवठा तुटला की जागं होतं आणि उरलीसुरली ऊर्जा संपवतं. म्हणजे टेलचं रान नुसतं वाळत नाही, शिल्लक पाणीही कुणी तरी सोडून देतं. हे प्रथिन नसलेल्या उंदरांचे तंतू टिकतात. त्याला आवरणारं औषध आपल्या दवाखान्यात अजून नाही, पण बांध घालायची जागा सापडली, याचं मला फार मोल वाटतं.

सगळे बधिर पाय साखरेचे नसतात. कुष्ठरोगाचा जंतू नसेच्या वेष्टनातल्या पेशींतच बिऱ्हाड करतो; मुंबईत डॉ. नोशीर अंतिया यांनी उभारलेल्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमध्ये त्यावर वर्षानुवर्षं काम झालं. कुष्ठरोग तर नाही ना, म्हणून आजोबांच्या कोपराची नसही चाचपली. जाड नव्हती.

काटा काढताना भूल द्यावी लागली नाही. दुसऱ्या कुणाचा पाय असावा तसे आजोबा बघत होते. बरोबर नात होती. तिला म्हटलं, मेंढरं वाघरात घातली की रोज रात्री आजोबांच्या तळव्यावर बॅटरी मारून बघायची, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. तिनं तिथंच खाली बसून दुसरा पाय मांडीवर घेतला.