चाल तीच, गळा दुसरा



रेकॉर्ड जमवणारे लोक ज्या मालाकडे नाक मुरडून बघतात, तोच माल मी जमवतो. त्यांना मूळ रेकॉर्ड हवी असते, तीही पहिल्या छपाईची आणि ओरखडा नसलेली. मला तेच गाणं दुसऱ्या कुणीतरी म्हटलेलं, वाजवलेलं, प्रसंगी बिघडवलेलंही चालतं. आमच्या पिढीत याला व्हर्जन म्हणायचे, आताची मुलं कव्हर म्हणतात. घरच्यांचं मत असं की माझ्याकडे गाणी थोडीच आहेत, फक्त प्रत्येक गाणं पुष्कळदा आहे.

डोंबिवलीत राहून हा नाद लागला नसता तरच नवल. आमच्या ठाणे-डोंबिवली-कल्याण पट्ट्यात मूळ गायक वर्षातून एखाद्या वेळी येतो, त्याचं गाणं मात्र रोज येतं. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर आणि ठाण्याला तलावपाळीवर नव्या कपड्यांतली गर्दी लोटते, तेव्हा स्टेजवर कुणीतरी बाबूजींचं, म्हणजे सुधीर फडक्यांचं म्हणत असतं, कुणीतरी आशाताईंचं. गडकरी रंगायतन १९७८ साली झालं. तिथे, डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले नाट्यगृहात आणि कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात आम्ही नाटकांइतकेच गाण्यांचे कार्यक्रम पाहिले, आणि त्यांतले बहुतेक दुसऱ्यांच्या गाण्यांचे. अशोक हांडे यांच्या ‘मंगलगाणी दंगलगाणी’वर तर मराठी मध्यमवर्गाची एक अख्खी पिढी पोसली आहे. तिला गायकापेक्षा गाण्याचीच ओढ जास्त.

आमच्या ठाण्याचे जनकवी पी. सावळाराम. ते ठाण्याचे नगराध्यक्षही झाले होते. त्यांनी लिहिलेली, वसंत प्रभूंनी चाली लावलेली आणि लताबाईंनी गायलेली सासरी निघालेल्या मुलीची गाणी मी रेडिओवर नीट कान देऊन ऐकली, त्याच्या कितीतरी आधी लग्नाच्या बँडवर ऐकली. पाठवणीच्या वेळी क्लॅरिनेटवाला मुखडा धरायचा. अंतऱ्याच्या शेवटी वर चढताना त्याचा दम संपायचा, तिथे तो ओळ अर्धी सोडायचा आणि ट्रम्पेटवाला ती उचलून समेवर आणायचा. सूर जरा उतरलेलाच असायचा. शब्द नव्हते, लताबाईंचा आवाज नव्हता, तरी मांडवातल्या बायका पदराने डोळे टिपायच्या. मग त्या गाण्यातलं रडू नक्की कुठे होतं? गळ्यात, चालीत, की ऐकणारीला आधीच पाठ असलेल्या शब्दांत? हा प्रश्न मला चिकटला तो सुटलाच नाही, आणि कपाट भरत गेलं.

व्हर्जन म्हणजे दुय्यम माल, असं मानणाऱ्यांना मी ‘गीतरामायण’ विचारतो. १ एप्रिल १९५५, रामनवमी, पुणे आकाशवाणी. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, वर्षभरात ५६ गाणी. ती सगळी बाबूजींनीच म्हटली होती, असं आज दहातले नऊ लोक छातीठोकपणे सांगतील. रेडिओवर मात्र गळे अनेक होते: माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके, राम फाटक, बबनराव नावडीकर. लताबाईही त्यात होत्या. पुढे बाबूजी एकटेच हार्मोनियम घेऊन बसले आणि सीतेची, कौसल्येची, हनुमंताची, सगळ्यांची गाणी स्वतः म्हणू लागले. रेकॉर्डही त्याच निघाल्या. संगीतकाराने स्वतः केलेल्या व्हर्जनने मूळ गायकांना लोकांच्या कानांतून हळूच बाजूला सारलं. मला याचं वाईट वाटतं आणि वाटतही नाही. माणिक वर्मांच्या गळ्यातली सीता ही एक बाई आहे. बाबूजी सीतेचं गाणं म्हणतात तेव्हा एक कीर्तनकार आपल्याला तिची गोष्ट सांगत असतो, आणि घरोघरी पोचायला त्या गाण्यांना कीर्तनकारच हवा होता. पुढे त्याच चालींत बसतील असे हिंदी, कानडी, बंगाली, तेलुगू, संस्कृत अनुवाद झाले. तिथे तर शब्दही बदलले, उरली फक्त चाल.

शब्द बदलून चाल ठेवणं हा आपल्याकडचा जुनाच धंदा. संगीत नाटकाचं जुनं पुस्तक उघडा. प्रत्येक पदाच्या डोक्यावर कंसात छापलेलं असतं, याची चाल अमुक गाण्याची. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ च्या ‘सौभद्र’मध्ये लोकांच्या कानांवरून गेलेल्या चाली बिनदिक्कत घेतल्या, लावणीच्या घेतल्या, कानडी मुलखातल्याही घेतल्या. कुणी चोरी म्हटलं नाही, कारण उसनवारी पदाच्या माथ्यावरच जाहीर केलेली होती. आजच्या रीमिक्सवाल्यांनी निदान एवढी सभ्यता दाखवावी.

या परंपरेचं सगळ्यात गर्दीचं दर्शन मात्र सकाळच्या लोकलमध्ये होतं. कर्जत, कसाऱ्याकडून येणाऱ्या गाड्यांतली भजनी मंडळं तुमच्यापैकी अनेकांनी ऐकली असतील. ज्यांना नंतर तिकडे परदेशात दिवाणखान्यात सोफ्यावर बसून भजन ऐकावं लागलं, त्यांना माझी सहानुभूती आहे. दोन बाकांच्या मधे दाटीवाटीने उभे राहिलेले लोक, टाळ, ठेक्याला डब्याचा पत्रा, आणि तुकोबांचा अभंग शंकर-जयकिशनच्या चालीत. पूर्वी जलद लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. गाडी आत शिरली की तो खडखडाट शब्द गिळून टाकायचा, चालही गिळायचा. ऐकू यायचा तो फक्त टाळ. लोक गातच असायचे, कारण ओठ हलताना दिसायचे. बोगदा संपून उजेड आला की गाणं नेमकं त्याच मात्रेवर सापडायचं जिथे ते असायला हवं होतं. हे मी छोट्या टेपरेकॉर्डरवर भरून घेतलं आहे. दर्जा भिकार आहे, पण माझ्या कपाटातल्या काही फार चांगल्या व्हर्जनांत ते बसतं.

आता मोठ्यांकडे येऊ. कल्याणचा गायन समाज देवगंधर्व भास्करबुवा बखल्यांच्या नावाने महोत्सव करतो. ‘स्वयंवर’च्या चाली बुवांच्या, १९१६ च्या, आणि त्या रुजवल्या बालगंधर्वांनी. त्यांच्यानंतर ती पदं म्हणणाऱ्यांपुढे दोनच रस्ते होते. एक, गंधर्वांची सहीसही नक्कल करायची, आणि अनेकांनी आयुष्यभर ती केली, त्यांतल्या काहींनी फार प्रेमाने. दुसरा रस्ता कुमार गंधर्वांचा. ‘मला उमजलेले बालगंधर्व’ असा त्यांचा कार्यक्रम होता, त्याची रेकॉर्डही निघाली. मराठीत कव्हर अल्बम म्हणावा अशी माझ्या मते ही सर्वोत्तम वस्तू. बालगंधर्वांचं गाणं सलग वाहतं, शब्द लयीला लडिवाळपणे लोंबकळतो आणि शेवटच्या क्षणी समेवर टेकतो. कुमार तीच ओळ तोडतात. मधे रिकामी जागा सोडतात, स्वर झटक्यात फेकतात आणि गप्प बसतात. पहिल्यांदा ऐकताना राग येतो. मग लक्षात येतं की ज्या जागी बालगंधर्व लाडात यायचे, नेमक्या त्याच जागी कुमारांनी श्वास घेतला आहे. म्हणजे जागा त्यांनी बरोबर ओळखली, फक्त तिथे वेगळं काही केलं. कट्टर गंधर्वभक्तांना हे आजही पटत नाही. त्यांच्याशी वाद घालायला मला आवडतं, कारण ते गाणं खरोखर ऐकतात.

‘कट्यार काळजात घुसली’ तर व्हर्जनचंच नाटक आहे. १९६७, लेखन दारव्हेकरांचं, संगीत अभिषेकीबुवांचं. त्यातलं ‘घेई छंद मकरंद’ हे पद दोनदा येतं. एकदा पंडितजींच्या तोंडी सलगवरळीत, संथ, समाधानी. एकदा खाँसाहेबांच्या तोंडी धानीत, द्रुत, अंगावर येणारं. शब्द तेच. दोन घराण्यांचं भांडण समजावायला पानभर संवाद लिहावे लागले असते, ते काम एका पदाच्या दोन चालींनी केलं. भार्गवराम आचरेकर आणि वसंतराव देशपांडे हे मूळचे पंडितजी आणि खाँसाहेब. पुढे राहुल देशपांडे यांनी आजोबांची भूमिका रंगमंचावर केली, आणि २०१५ च्या चित्रपटात खाँसाहेबांना आवाजही त्यांचाच. मी वसंतराव आणि राहुल एकापाठोपाठ लावतो. राहुल जिथे आजोबांसारखे गातात तिथे थक्क व्हायला होतं, आणि जिथे ते आजोबांचा हात सोडतात तिथे मी खुर्चीत पुढे सरकून बसतो.

आता जरा बाजारात येऊ, कारण माझा निम्मा संग्रह बाजारू आहे. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. गुलशन कुमारांच्या टी-सीरीजने आणि तिच्या पाठोपाठ इतरांनी जुनी गाणी नव्या गळ्यांकडून म्हणवून घेतली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोटीस देऊन, रॉयल्टी भरून गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित करायची वाट होती, ती या लोकांनी हमरस्ता केली. स्टेशनबाहेरच्या टपरीवर कॅसेट घेताना पुढच्या बाजूला सिनेमाचं नाव आणि नटाचा फोटो ठळक दिसायचा. गायकाचं नाव आतल्या कागदावर, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत. लोक घरी जाऊन कॅसेट लावायचे आणि तिसऱ्या ओळीला एकमेकांकडे बघायचे. मी आधी तो कागद उघडून दाखवायला सांगायचो आणि मूळ गायकाचं नाव नसेल तरच कॅसेट घ्यायचो. दुकानदाराला वाटायचं, या गिऱ्हाइकाचं डोकं फिरलेलं आहे. पुढे २०१२ च्या दुरुस्तीने नियम कडक केले. मूळ ध्वनिमुद्रणानंतर ५ वर्षं थांबायचं, वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरायची, वेष्टनावर मूळ गायकाचं नाव किंवा चित्र टाकायचं नाही आणि हे व्हर्जन आहे असं स्पष्ट छापायचं. नियम चांगले होते. आले तेव्हा कॅसेटच उरली नव्हती.

त्या कॅसेटींत भरताड पुष्कळ होतं, हे कबूल. पण रफीची गाणी म्हणणारा एक कोवळा पोरगा त्यांतूनच पुढे आला. तो सोनू निगम. कुमार सानू किशोरकुमारची गाणी म्हणत आले. तिकडे इंग्लंडमध्येही हेच झालं होतं. एल्टन जॉन प्रसिद्ध होण्याआधी, १९६९-७० च्या सुमारास, स्वस्तातल्या रेकॉर्डवर इतरांची हिट गाणी बिननावाने गात होते. आणि बीटल्सच्या पहिल्या एलपीवरच्या १४ गाण्यांतली ६ दुसऱ्यांची. नक्कल ही उमेदवारी आहे. ती संपवून माणूस बाहेर पडतो की तिथेच नोकरीला लागतो, एवढंच बघायचं.

मोठं झाल्यावर दुसऱ्यांचं गाणारेही आहेत. लताबाईंनी १९९२ च्या ‘श्रद्धांजली’मध्ये सैगल, रफी, किशोर, मुकेश, हेमंतकुमार यांची गाणी म्हटली. आवाजाची नक्कल कुठेच नाही. आशाताईंनी २००५ मध्ये क्रोनोस क्वार्टेटबरोबर पंचमची गाणी केली, त्यांतली काही त्यांचीच जुनी. सत्तरी ओलांडलेल्या बाईने स्वतःच्या तिशी-चाळिशीतल्या गाण्याचं व्हर्जन करायचं, याला छाती लागते.

गळाच काढून टाकला तर काय उरतं, याचं उत्तर प्रभाकर जोगांकडे आहे. बाबूजींचे ते अनेक वर्षं सहायक. त्यांचं ‘गाणारं व्हायोलिन’ लावा आणि शब्द माहीत असलेल्या माणसाला समोर बसवा, तो पाचव्या सेकंदाला ओठ हलवू लागतो. याचं कारण गजात आहे. शब्दातलं व्यंजन जिथे येतं तिथे जोग गज क्षणभर अडवतात, दोन अक्षरांचा जोड असेल तिथे एकाच गजात घसरत जातात. स्वर सगळेच वाजवतात, जोग अक्षरं वाजवतात. याच्या अगदी उलट टोकाला आमचं गणपतीतलं बँजो पथक. ज्याला आपण बँजो म्हणतो ते वाद्य मुळात जपानी, नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये केलेलं ताइशोगोतो. त्याला पिकअप आणि मोठे भोंगे जोडले की कुठलंही गाणं एकच गाणं होतं. ‘सैराट’ची गाणी कानडीत गेली, हिंदीत गेली, पण ती खरी कशासाठी जन्मली हे विसर्जनाच्या दिवशी कल्याणच्या रस्त्यावर कळतं.

आणि आता कराओके. ठाण्या-डोंबिवलीत निवृत्त मंडळींचे कराओके क्लब गल्लोगल्ली झाले आहेत. छोटा हॉल, वर्गणी, बटाटेवडा, आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये आपापल्या पट्टीत उतरवून घेतलेला ट्रॅक. त्यांना हसणं सोपं आहे. माझी तक्रार मात्र वेगळी आहे. ट्रॅक माणसाची वाट बघत नाही. पूर्वी गाणारा अंतऱ्यात चुकला तर तबलजी एक आवर्तन जास्त वाजवून त्याला सांभाळून घ्यायचा. त्या सांभाळण्यातच व्हर्जन जन्माला यायचं. कराओकेत सगळ्यांच्या चुका एकाच जागी होतात आणि ध्वनिमुद्रणं एकमेकांसारखी वाटू लागतात, म्हणून मी ती फारशी ठेवत नाही. एका आजोबांचं मात्र ठेवलं आहे. त्यांनी ट्रॅक बंद करायला सांगितला आणि नुसतेच गायले, त्यांच्या वेगाने. मूळ गाण्याच्या दीडपट वेळ लागला.

म्हणून जाता जाता तुमच्याकडे एक मागणं आहे, आणि ते शुद्ध स्वार्थाचं आहे. तुमच्या परदेशातल्या मंडळाचे जुने गणेशोत्सव, कोजागिरी, दिवाळीचे कार्यक्रम कुणीतरी कॅसेटवर, व्हिडिओवर भरून ठेवलेले असणार. तबला वाजवणारं कुणी मिळालं नाही म्हणून कुणी ड्रमवर धुमाळी वाजवली असेल. तिकडे वाढलेल्या मुलीने नाट्यपद इंग्रजी वळणाच्या ‘ट’ने म्हटलं असेल. घर बदलताना, गॅरेज आवरताना ते खोके कचऱ्यात टाकू नका. कॅसेट चिकटली असेल तरी चालेल, टेप सोडवायची कशी ते मला येतं. नावं, साल आणि पेटीवर कोण होतं एवढं कागदावर लिहून आत ठेवा. टपालखर्च मी देईन. माझा डोंबिवलीचा पत्ता मंडळाच्या कार्यवाहांकडे दिलेला आहे.