आभासी विमान आणि वेगमर्यादा

माझा नातू संगणकावर मुंबईहून गोव्यास विमान नेतो. परवां तें सुखरूप उतरलें, तरी त्याच्या आभासी विमान-कंपनीनें गुण कापले. 10,000 फुटांखालीं 250 नॉटची, म्हणजे ताशीं सुमारें 463 किलोमीटरांची, मर्यादा त्यानें ओलांडली होती. "आजोबा, विमान फुटलें नाहीं, मग शिक्षा कसली?" तो रुसून म्हणाला.

ही मर्यादा खऱ्या आकाशांतली आहे. खालीं विमानांची वर्दळ व पक्षी अधिक. पाहून वळण्यास अवधि थोडा.

चूक उतरण्यास उशिरां आरंभ करण्यांत होती. झपाट्यानें खालीं येणें आणि मंदावणें एकाच वेळीं साधत नाहीं. म्हणून दर 1,000 फुटांस तीन सागरी मैल धरावे. 30,000 फुटांस नव्वद, वेग कमी करण्यास आणखी दहा. गोव्याच्या दाभोळी विमानतळापासून शंभर सागरी मैल म्हणजे जवळजवळ आपली रत्नागिरीच! येथेंच उतरूं लागावें, 11,000 फुटांच्या सुमारास उतार सौम्य करून वेग 240 नॉटवर आणावा, मगच खालीं जावें.

नातवानें तसें केलें. एकहि गुण गेला नाहीं.

उत्तर बरोबर असूनहि रीत चुकल्यास मीहि शाळेंत गुण कापीत असें. कारण सांगावयाचें मात्र पुष्कळदां राहून गेलें, ही रुखरुख आज वाटते.