पाण्यात उभी राई

ज्या शहरात नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार हे तोंडपाठ असतं, तिथे बारा महिने पाण्यात उभ्या असलेल्या झाडांवर बोलायचं म्हणजे थोडा आगाऊपणाच. पण हा विषय छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतल्या माणसाला कोकणातल्यापेक्षा लवकर कळेल असं मला वाटतं. का, ते पुढे येईलच.

सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे रानजायफळाची एक राई आहे. गावाने ती देवाची म्हणून राखली. २०२१ साली शासनाने तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. क्षेत्र किती? २.५९ हेक्टर, म्हणजे साडेसहा एकरांच्या आत-बाहेर. पलीकडे गोव्यात, सत्तरीत, निरंकाराची राय आहे, तीही अशीच. केरळ आणि कर्नाटकातही अशी जंगलं आहेत, पण तुकड्या-तुकड्यांनी.

आत पाऊल टाकलं की पाय घोट्यापर्यंत काळ्या चिखलात जातो आणि आधाराला धरायला जावं तर हाती मूळ लागतं. खोडाच्या पायथ्याशी तिवईसारखी टेकू मुळं, आणि सभोवार चिखलातून वर येऊन पुन्हा चिखलात शिरलेली मुळं, अगदी मांडी घालून बसलेल्या माणसाच्या गुडघ्यांसारखी. कुंडीत पाणी साचलं की तुळस पिवळी पडते, कारण मुळांना हवा मिळत नाही. इथे ते गुडघेच हवा घेतात. आपल्या शहराला पूर्वी पाणी पुरवणाऱ्या नहर-ए-अंबरीच्या वाटेवरचे उंच मनोरे आठवा. नळात कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून ते बांधले. झाडाला हवा आत घ्यायची आहे, एवढाच फरक.

फळ उकललं की बीवर लालभडक जाळी दिसते, घरच्या जायपत्रीचीच बहीण, फक्त तो सुवास नाही. धनेशासारखे पक्षी ती खायला येतात. खाली पडलेल्या बिया खेकडे ओढून नेतात. उरलेल्यांतली एखादी रुजते. हे बी मोठं खरं, पण वाळलं की मेलं. ज्वारीसारखं कणगीत भरून ठेवता येत नाही. त्यामुळे बियांची पेढी काढून हे झाड वाचवू, असं म्हणणाऱ्यांना मी हात जोडतो.

आता मुद्द्याचं. मलिक अंबरने सतराव्या शतकात डोंगरातलं पाणी भुयारी नहरेतून शहरात आणलं. शहरातला हौद कितीही जपला, पण वरची नहरच फुटली, तर हौदात काय राहणार? राईचंही तेच. तिचा जीव त्या साडेसहा एकरांत नाही, वरच्या उतारावरून झिरपत येणाऱ्या झऱ्यात आहे. दोडामार्गात काजू, रबर, केळी, अननस यांच्या बागा वाढल्या. वर कुणी झरा पाटाने वळवला, की कुऱ्हाड न लावता राई सुकते. कुंपण मात्र शाबूत! पाहणीला येणारा माणूस झाडं मोजून जातो. पाणी मोजत नाही. बागायतदारालाही पोट आहे, हे मी जाणतो. म्हणून त्याच्याशी भांडण नको, झऱ्याच्या वाटणीचा करार हवा. आणि तो गावाच्या देवळातच व्हावा, कचेरीत नव्हे. आजवर राई राखली ती त्या देवळानेच.

मघाशी एक चिठ्ठी आली: ‘खाम नदीच्या काठी हे झाड लावता येईल का?’ लावा की. मे महिन्यात रोज पाणी कोण घालणार, त्याचं नाव चिठ्ठीच्या मागे लिहून द्या.