टकळी, लोकर आणि चार विणकामं

(आपल्या सोसायटीच्या महिला मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला केलेल्या भाषणाचा मजकूर)

मंडळाच्या अध्यक्षा, कमिटीचे सदस्य, मैत्रिणींनो आणि खुर्च्या लावून झाल्यावर चहासाठी थांबलेल्या पुरुषमंडळींनो,

लिफ्टमध्ये माझ्या हातात फिरणारी टकळी बघून बऱ्याच जणी विचारतात, "अहो, दुकानात लोकरीचे गुंडे मिळतात, मग हा उपद्व्याप कशाला?" आज त्याचं उत्तर देते.

दिवाळीच्या सुमारास माझ्या माहेरच्या गावावरून धनगरांचे वाडे कोकणाकडे उतरतात. त्यांच्याकडून मी पिशवीभर लोकर आणली. आपली दख्खनी मेंढी काळी, तिची लोकर राठ. स्वेटरला टोचते, पण घोंगडीला उत्तम. धनगरांच्या बायका ती कातायच्या, सणगर विणायचे आणि वर चिंचोक्याची खळ द्यायचे. आता घोंगडीला गिऱ्हाईक कमी, त्यामुळे कातरलेली लोकर कित्येकदा फेकूनच द्यावी लागते.

लोकर धुताना चोळायची नाही. तिच्या तंतूला बारीक खवले असतात. चोळली की ते एकमेकांत अडकतात आणि घट्ट गोळा होतो, मग तो सुटत नाही. कोमट साबणाच्या पाण्यात नुसती भिजवायची, अलगद दाबून काढायची आणि सावलीत वाळवायची. पिंजायला मी कुत्र्याचे केस विंचरायचे तारांचे दोन ब्रश वापरते. त्यावरून उतरला की पेळू तयार. शाळेतली पितळी टकळी कापसाची, ती हलकी असते. लोकरीसाठी सुताराकडून लाकडी चकतीची जरा जड टकळी करून घेतली. पीळ कमी पडला तर धागा सुटून टकळी फरशीवर पडते, जास्त झाला तर धागा स्वतःभोवतीच वेटोळे घेतो. असे दोन धागे उलट्या दिशेने एकत्र पिळले की दुपदरी सूत होतं. उलट्या पिळामुळे ते शांत राहतं आणि विणताना तिरकं जात नाही.

हे मला शिकवलं आमच्या सासूबाईंनी. आईंचं वय ८४. त्यांचा विसरभोळेपणा किती वाढलाय, हे आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांना माहीत आहे. जेवण झालं की नाही, आठवत नाही. कधी माझं नावही आठवत नाही. पण त्यांच्या शाळेत सूतकताईचा तास असायचा. माझी टकळी तिसऱ्यांदा पडली तेव्हा कोचावरून म्हणाल्या, "अगं, आधी पीळ भरू दे, मग ओढ." हातातून टकळी घेतली आणि हातभर धागा काढून दाखवला. आता रोज एखादा पेळू काततात. धागा तुटला तर मला विचारत नाहीत, आपणच जोडतात.

आता माझ्या पसाऱ्याबद्दल. घरात एकाच वेळी चार विणकामं चालू असतात. दाराशी पिशवीत टोपी, ती बँकेच्या आणि दवाखान्याच्या रांगेत पुढे सरकते. कोचाजवळ शाल, सगळी सुलट टाक्यांची. आई उठल्या तर ओळीच्या मध्येही खाली ठेवता येते. नातवाचा वेण्यांचा स्वेटर फक्त रात्री, त्या झोपल्यावर, कारण त्यात टाके मोजावे लागतात. आणि चौथं, आईंच्या सुताचे छोटे चौकोन. ते जोडून त्यांच्याच पायांवर घ्यायला पांघरूण करायचंय.

नियम थोडे आहेत. प्रत्येक कामाला वेगळी पिशवी. आत चिठ्ठी, त्यावर सुईचा नंबर आणि कितवी ओळ चालू आहे ते. रंगीत लोकर एकाच लॉटची, लागेल तेवढी एकदमच घ्यायची. मोठ्या कामाआधी १० सेंटिमीटरचा नमुना विणून धुऊन बघायचा. आणि एक संपल्याशिवाय पाचवं सुरू करायचं नाही.

संध्याकाळ झाली की आई अस्वस्थ होतात. "मला घरी जायचंय" म्हणतात. "हेच तर घर," असं समजावून उपयोग होत नाही. मग मी त्यांच्या दोन्ही हातांत लच्छी अडकवते आणि समोर बसून गुंडा करते. त्या हात डावी-उजवीकडे हलवून धागा सोडत जातात. बहुतेक दिवशी तेवढ्यात दिवेलागण निभावते, रोजच लागू पडतं असं नाही. पण तेवढा वेळ त्या माझ्या मदतीला बसलेल्या असतात, मी त्यांना सांभाळत नसते. आम्हा दोघींनाही तो फरक कळतो.

रौप्यमहोत्सवी वर्षात कमिटीने काय करावं, असं विचारलं होतं. माझी सूचना एवढीच. बुधवारी चार ते पाच क्लब हाऊस उघडं ठेवा. लोकर आणि टकळ्या मी आणते. घरातल्या आजींना घेऊन या, आजोबांनाही आणा. सूतकताईचा तास त्यांनाही होता.

तिळगूळ घ्या, गोड बोला.