टॅली न होणारी बुलेट
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला होता ‘निवृत्तीनंतरचा छंद’. छंद हा फार मोठा शब्द झाला. माझी जुनी बुलेट पुन्हा कशी चालू झाली, तेवढंच सांगतो.

पार्किंगमध्ये वर्षानुवर्षं बंद पडलेली वाहनं दिवाळीपर्यंत चालू करावीत, नाहीतर हलवावीत, असा ठराव वार्षिक सभेत झाला हे आपल्याला माहीत आहेच. ठराव मांडणारा मीच. आणि यादी लागली तेव्हा तिसऱ्या नंबरावर माझीच गाडी! १९८३ची साडेतीनशे सीसी बुलेट, सहा वर्षं कव्हरखाली. बँकेचं कर्ज काढून घेतलेली. मुलगी पहिल्या दिवशी शाळेत गेली ती हिच्याच टाकीवर पुढे बसून. मुलगा फोनवर म्हणाला, “बाबा, भंगारात देऊन टाका.” मी विषय बदलला.

पहिलं काम पेट्रोलचं. सहा वर्षांचं पेट्रोल हे पेट्रोल राहत नाही. वॉर्निशसारखा वास मारतं आणि कार्बुरेटरमध्ये त्याचा चिकट थर बसतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं. त्यामुळे टाकी आतून गंजते आणि जुनं रबर फुगतं. मी टाकी पूर्ण रिकामी करून धुतली, नळी नवी घातली, कॉकची जाळी साफ केली, कार्बुरेटर उघडला. त्यातल्या पायलट जेटचं भोक केसाएवढं असतं. त्यात तार घालू नका, भोक मोठं होतं आणि जेट फुकट जातो. हवेच्या दाबाने साफ करायचं. (काढलेलं जुनं पेट्रोल कृपा करून गटारात ओतू नये. मी ते गॅरेजवाल्याला नेऊन दिलं.)

बॅटरी नवी बसवली आणि तिसऱ्या किकला गाडी चालू! सौ.ला मुद्दाम खाली बोलावून आवाज ऐकवला. चक्कर मारायला निघालो तर पंधरा मिनिटांत गाडी फटफट करत बंद पडली. अर्ध्या तासाने पुन्हा चालू, पुन्हा तेच. दोन्ही वेळा वॉचमनने ढकलत आणायला मदत केली. मी लागोपाठ तीन रविवार कार्बुरेटर खोलला आणि लावला. तिसऱ्या रविवारी सौ. गॅलरीतून म्हणाली, “अहो, थंड झाली की बरी होते ना? मग तापल्यावर काय बिघडतं ते बघा की!”

इथे मला आमची शाखा आठवली. हाताने लेजर लिहायचे दिवस. बॅलन्सिंगच्या रात्री फरक निघाला की आम्ही नवीन पोरं सगळ्या बेरजा पुन्हा करायला बसायचो. हेडक्लार्क म्हणायचे, थांबा, फरकाला नऊने भाग जातो का ते आधी बघा. जात असेल तर कुणीतरी ५४चे ४५ लिहिलेले असणार. म्हणजे फरक स्वतःच काहीतरी सांगत असतो, आणि मी तर फरक न बघता तीन वेळा बेरजाच केल्या होत्या.

तापल्यावर बंद आणि थंड झाल्यावर चालू, असं मुख्यतः दोन कारणांनी होतं. एक म्हणजे टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजतं, आत निर्वात होतो आणि पेट्रोल खाली उतरत नाही. गाडी बंद पडल्याक्षणी झाकण उघडायचं. हवा आत खेचल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली, तर दोष तिथे. माझ्याकडे आवाज आला नाही.

दुसरं कारण विजेचं. जुन्या बुलेटच्या हेडलाइटवर अॅमीटर असतो. किल्ली फिरवून हळू किक दाबली की पॉइंट मिटल्यावर काटा डावीकडे जातो, उघडल्यावर मध्ये येतो. काटा मध्येच अडकून राहिला, तर पॉइंटवर मळ आहे किंवा वायर तुटली आहे. माझा काटा तापलेल्या गाडीतही व्यवस्थित हलत होता, म्हणजे तिथपर्यंत वीज पोहोचत होती. मग प्लग काढून, टोपीत बसवून, इंजिनाच्या धातूला टेकवला. त्याआधी कॉक बंद, टाकीचं झाकण लावलेलं, सांडलेलं पेट्रोल पुसलेलं, आणि प्लग त्याच्या भोकापासून नि कार्बुरेटरपासून लांब. हे विसरू नका, आपल्या पार्किंगमध्ये बावन्न स्कूटर उभ्या असतात. किक मारली. ठिणगी निळी, टणक हवी. माझी पिवळी, मरतुकडी. पॉइंटचं झाकण काढलं तर तिथे मात्र भरपूर ठिणग्या, आणि पॉइंट जळून काळे.

जिथे नको तिथे ठिणगी आणि जिथे हवी तिथे नाही, हे कंडेन्सर गेल्याचं लक्षण. अंगठ्याएवढी डबी. थंड असताना काम करते, तापली की हात वर करते. कॉइलही तापून असाच दगा देते, पण कंडेन्सर स्वस्त, म्हणून आधी तोच बदलला. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासले, कोऱ्या कागदाने पुसले आणि फट फीलर गेजने ०.३५ ते ०.४० मिलिमीटरमध्ये बसवली. कंडेन्सरचा खर्च, सांगायला लाज वाटते, आम्ही दोघांनी परवा खाल्लेल्या मिसळीपेक्षा कमी.

दिवाळीला अकरा दिवस असताना आम्ही दोघं खडकवासल्यापर्यंत जाऊन आलो. धरणावर कणीस खाल्लं आणि तापलेल्या गाडीला मुद्दाम तिथेच किक मारली. पहिल्या किकला चालू. सौ. म्हणाली, “आता मुलाला फोन करा.”

यादीतल्या इतर दोन गाड्यांपैकी बी विंगमधल्या स्कूटरचं निदान मी रविवारी सकाळी करणार आहे. मुलांनी बघायला यावं, हात काळे करायची तयारी ठेवून. आणि बुलेटच्या आवाजाबद्दल कुणाची तक्रार असल्यास ती नियमाप्रमाणे सेक्रेटरींकडे लेखी द्यावी.